सेरोबच्या खालचा सूर

ग्युम्री, २८ ऑक्टोबर

सेरोब,

हे पाकीट तू उघडलंस, म्हणजे झोराने थाप नीट मारली. त्याला मी बजावलं होतं, "चीज हायकुशवहिनीने पाठवलंय एवढंच सांग. माझं नाव काढलंस तर तुझ्या मिनीबसचे चारही टायर सकाळी बसलेले दिसतील." चीज खरंच हायकुशने पाठवलंय. तिचा तुझ्यावर राग नाही. तिचा राग माझ्यावर आहे, पण ते नंतर.

तीन आठवडे तुझा फोन मला लागत नाही. हायकुशच्या फोनवरून मात्र लागतो. दोनदा लावला. तू म्हणालास, "बोल वहिनी," आणि मी ठेवून दिला. तुझा आवाज ऐकायला मला बायकोचा फोन चोरावा लागतो, काय वेळ आली बघ माझ्यावर!

तर आधी मुद्द्याचं. मला खोकला झाला होता. येरेवानला निघायच्या दोन दिवस आधी आपण त्या शिंप्याच्या मयतीला वाजवलं ना, कब्रस्तानात वारं असं सुटलेलं की पाद्रीबाबांना पुस्तकाची पानं धरवेनात. तिथेच छातीत बसला. त्यात येरेवानच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये तुझ्या त्या नव्या मंडळींनी धूर सोडला. निळा धूर! गाणं म्हणायचं होतं की मासे धुरवायचे होते? मोठ्या गुरुवारच्या स्तोत्राचं दुसरं कडवं होतं, तू वर चढत होतास, आणि खाली माझा दम तुटला. बस, एवढंच झालं. नाकाने आत घ्यायचं, गालांतून बाहेर सोडायचं, नऊ-नऊ मिनिटं एकच सूर, मध्ये केसभर फट नाही, हे मी तुझ्यासाठी सत्तावीस वर्षं करतोय. त्यात एकदा तुटला. पाद्रीसुद्धा प्रार्थनेत खोकतो, म्हणून त्याला कुणी चर्चमधून हाकलत नाही.

आणि तू काय केलंस? ओठांवरचा दुदुक काढून पेटीत ठेवला, झाकण लावलंस, आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "उद्याच्या पहिल्या गाडीने ग्युम्रीला जा." अरे, शिवी तरी द्यायचीस! आपण दोघं सोळाव्या वर्षी एकाच उस्तादांच्या छड्या खाल्लेली माणसं. मला शिवीसुद्धा दिली नाहीस.

मी सरळ मागतो. मला माझी जागा परत हवी आहे. तुझ्या डाव्या हाताला, अर्ध्या हातावर, जिथून तुझा फुगलेला गाल दिसतो आणि तू पुढे कुठे जाणार ते मला तुझ्याआधी कळतं. हात जोडणार नाही. पण मागतोय.

झोरा गुरुवारी परत येतो. उत्तर त्याच्याकडे दे. आणि चीज एकट्याने खा, त्या पोलंडवालीला देऊ नकोस.

गालुस्त


ग्युम्री, १९ नोव्हेंबर

सेरोब जान,

तीन गुरुवार गेले. झोराला विचारलं, "काय म्हणाला?" तर म्हणतो, "चीजमध्ये मीठ बरोबर होतं म्हणाला." असा राग आला! पण हायकुश खूश झाली, तिने पुन्हा पाठवलंय.

मी हे पत्र शांत डोक्याने लिहिणार होतो. सकाळी लिहायला बसलो तेव्हा डोकं शांत होतं. मग हायकुशने फोनवर तुमचं नवं गाणं लावलं.

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तशी आहे ही किंगा. चार वर्षांपूर्वी वॉर्सातून आली, आपली आर्मेनियन शाराकानं शिकायची म्हणून. पोलंडमधली चर्च काय ओस पडली होती, की आपल्या चर्चची दीड हजार वर्षांची स्तोत्रं हिला लागली? आली ती आली, सोबत ते पियानोच्या पट्ट्यांचं यंत्र आणलं. मग तेहरानहून वाचिक आला बास गिटार घेऊन, चेहरा असा की आत्ताच जवळचं कुणीतरी पुरून आलाय. मग तिबिलिसीचा झाझा, ढोलवाला. तुम्हा चौघांचे काळे कपडे, आवाज सगळे विहिरीच्या तळातून आल्यासारखे. त्याला डार्कवेव्ह म्हणतात हे मला वाचिकने समजावून सांगितलं. मी म्हटलं, बाबा रे, अंधार आम्हाला शिकवू नकोस, आम्ही भूकंपानंतर तीन हिवाळे पत्र्याच्या खोलीत मेणबत्तीवर काढलेत.

आणि नाव काय ठेवलं, तर 'खावारुम'! मोठ्या गुरुवारी चर्चमध्ये एकेक मेणबत्ती विझवत नेतात, त्या सेवेचं नाव बँडला! आपले पाद्रीबाबा म्हणाले, "उद्या कुणीतरी 'बाप्तिस्मा' नावाचं हॉटेल काढेल." तेव्हा तूही माझ्याबरोबर हसला होतास. विसरलास ना?

आता त्या गाण्याबद्दल. पाच वेळा ऐकलं, चुका शोधायला. किंगाचा गळा बरा आहे. हे मी लिहिलं असं कुणाला सांगू नकोस. तू चांगला वाजवलायस, पण जरा सांभाळून, भरल्या ताटावर पाहुणा बसतो तसा. आणि तुझ्या खाली, सेरोब, तुझ्या खाली माझ्या जागेवर ते यंत्र! त्याने सूर धरलाय! आयत्या बिळावर नागोबा! एकच सूर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ना दमतो, ना थांबतो. आणि कसला भिकार सूर आहे तो. खाली कुठेतरी घरघर येते, म्हाताऱ्या कुत्र्याच्या छातीसारखी. कोणत्या दुकानातून आणला? तू श्वास घेण्याआधी तो तुझी वाट बघतो का? तू वर जाताना अंग चोरतो का? अरे, पायाखाली जमीन आणि पायाखाली फळी यातला फरक तुला कळेनासा झाला?

हायकुश बाजूला मसूर निवडत होती. म्हणाली, "सवत यायची तर माझी यायची. इथे तुझीच आली."

मी म्हटलं, "तू गप्प बस."

"का गप्प बसू? तीन आठवडे जेवत नाहीस नीट. मी महिनाभर माहेरी गेले होते तेव्हा चांगला दोन किलो वाढला होतास."

म्हटलं, "मला काही झालेलं नाही. मला त्या यंत्राची कीव येते."

"कीव येते म्हणून पाच वेळा ऐकलंस होय?"

ही बाई माझ्याशी असं बोलते, आणि ते तुझ्यामुळे. मला वाटतं, तुला लाज वाटायला हवी.

एक विचारतो, त्याचं तरी उत्तर दे. बाहेरचे लोक जेव्हा तुला भेटतात, तेव्हा तू सांगतोस का की खाली आधी माणूस होता? सगळ्या पाट्यांवर, सगळ्या पत्रिकांवर 'सेरोब आणि साथीदार' एवढंच यायचं. मला कधी त्याचं काही वाटलं नाही. खाली सूर धरणाऱ्या दमकशाचं नाव कोण लिहितो? पण तू तरी तोंडाने घेत होतास.

गालुस्त

ता. क. खोकला आता पूर्ण बरा आहे.


ग्युम्री, ९ जानेवारी

सेरोब,

तुला आणि तुझ्या घरच्यांना नाताळाच्या शुभेच्छा. आपल्या खऱ्या नाताळाच्या, सहा तारखेच्या. किंगाने पंचवीस डिसेंबरलाच उरकला असेल.

तुझी चिठ्ठी मिळाली. चीजचं रिकामं फडकं, आणि त्यात चिठ्ठी. हायकुशला वाटलं लांबलचक असेल, ती चष्मा घेऊन धावत आली. चार शब्द. 'उस्तादांचा नियम आठवतो का?' चार शब्द, भावा! अडीच महिन्यांनी! तुला शाईचे पैसे मी पाठवून दिले असते.

त्याच्यावर येतो. आधी माझं ऐक, कारण मीही इथे रिकामा बसलेलो नाही. मला दुसरा जोडीदार मिळालाय. कोर्युन, बेकरीच्या मागे राहतो तो. गेल्या आठवड्यात आम्ही एका मयतीला वाजवलं. तू जळशील म्हणून सांगणार नव्हतो, पण सांगतो.

कोर्युन चांगला माणूस आहे. वाजवायला लागला की बकरी दारात अडकल्यासारखा आवाज येतो. मी खाली सूर धरून बसलो, वाट बघत होतो हा कुठे जातोय, आणि हा कुठेच जाईना. जिथे होता तिथेच गोल गोल. अंगणात बायका रडत होत्या त्या हळूहळू थांबल्या. अरे, मयतीला आलेल्या बायकांचं रडणं थांबवलं यानं! शेवटी मेलेल्या माणसाचा थोरला मुलगा माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "गालुस्तकाका, राग मानू नका, पण सेरोबकाका येणार नाहीत का?" मी त्याला काय सांगू? म्हटलं, तो परदेशात आहे. जर्मनीत. मला माहीत नाही तू जर्मनीत होतास की नाही. पण तोंडातून जर्मनीच निघालं.

परत येताना कोर्युन म्हणतो, "आज आपलं छान जुळलं नाही?" मी त्याला खाशचं गरम सूप पाजलं आणि घरी पाठवलं.

आता नियमाचं. आठवतो. कसा विसरीन? उस्ताद वारदान, डाव्या हातात छडी आणि उजव्या हातात चहा. "मुख्य वाजवणारा चुकला तरी दमकशाने दम सोडायचा नाही. तो धडपडला तर धरायचं, विसरला तर थांबायचं, मेला तर त्याला पुरेपर्यंत सूर चालू ठेवायचा. एकाच वेळी सोडायचा. तो खोटं वाजवायला लागला तर." तू विचारलं होतंस, "चूक आणि खोटं यात फरक काय, उस्ताद?" तर म्हणाले, "बोट घसरलं तर चूक. मनात काही नसताना लोकांच्या डोळ्यांत पाणी काढायला वाजवलंस तर खोटं. तेव्हा दमकशाने पायाखालची जमीन काढून घ्यायची. म्हणजे त्याला त्याचं त्याला ऐकू येतं." आणि त्यांनी सख्ख्या जावयाच्या खालचा दम सोडला होता, भर लग्नात. जावई पुन्हा कधी वाजवायला बसला नाही, त्याने कोंबड्या पाळल्या.

म्हणजे तू हे विचारतोयस. मी मूर्ख नाही, कळलं मला. तुला वाटतंय की मी त्या दिवशी नियमाने सोडला. त्या धुरात, त्या निळ्या दिव्यात, त्या काळ्या कपड्यांच्या गर्दीत आपलं मोठ्या गुरुवारचं स्तोत्र तू खोटं वाजवलंस आणि मी निकाल दिला.

मला खोकला होता, सेरोब. दोनदा लिहिलंय, तिसऱ्यांदा लिहितो.

आता तुझा माझ्यावर विश्वास बसत नसेल, रात्ररात्र तू छताकडे बघत पडत असशील, तर मला त्याचं फार वाईट वाटतं असं म्हणणार नाही. खरं सांगतो, थोडं बरंच वाटतं. निदान त्या यंत्राला हे तुला विचारता येणार नाही. हे विचारायला जगात एकच माणूस आहे, आणि तो इथे कोर्युनबरोबर वाजवतोय.

गालुस्त


ग्युम्री, ३ मार्च

सेरोब,

तुझी पोलंडवाली काल माझ्या घरी येऊन गेली. तुला माहीत असेलच. नसेल तर आता झालं.

दुपारी दारावर थाप पडली. मी स्वयंपाकघरात उभा राहून सुक्या मांसाचा बस्तुर्मा खात होतो. उपासाचे चाळीस दिवस चालू आहेत हे मला ठाऊक आहे, तू शिकवू नकोस. दार हायकुशने उघडलं, तर झोरा एक काळी पेटी उचलून उभा, आणि त्याच्या मागे ही. झोरा म्हणाला, "चीजचं उत्तर आणलंय," आणि पळाला.

किंगा तुला-मला-पाद्रीला सगळ्यांना अरे-तुरे करते हे मी विसरलो होतो. आत आली, बूट काढले, म्हणाली, "गालुस्त, तू आजारी दिसते नाही. छान."

म्हटलं, "दिसतो. मी पुरुष आहे."

"हो, ते पण," म्हणाली.

हायकुशला ती पहिल्या मिनिटातच आवडली. बायकांचं काही सांगता येत नाही. मसुराचे वडे पुढे केले. किंगा म्हणाली, तिचाही उपास आहे, पहिल्या दिवसापासून, तेल सोडून. मी माझा बस्तुर्माचा हात मागे लपवला. आपला उपास पोलंडची बाई करते आणि आर्मेनियाचा माणूस स्वयंपाकघरात मांस खातो, हे बघायला उस्ताद नाहीत ते बरं.

चहा झाल्यावर तिने पेटी उघडली. तेच यंत्र. मी म्हटलं, "हे माझ्या घरात वाजवायचं नाही."

"एकदा," म्हणाली. "मग तू मला हाकल."

तिने एक पट्टी दाबली. तोच सूर, भिकार, घरघरणारा. माझ्या घरात, माझ्या टेबलावर. माझं डोकंच फिरलं. मी जे तुला लिहिलं होतं ते सगळं तिच्या तोंडावर बोललो. हा सूर दुकानातला आहे, याच्या छातीत कफ आहे, हा वाजवणारा जो कोण असेल त्याला कुणी श्वास घ्यायला शिकवलेलं नाही, असल्या माणसाला मी माझ्या शेजारी बाकावर बसू देणार नाही.

ती हसायला लागली. मग हायकुशकडे बघितलं. हायकुश हसत नव्हती. ती हातातला कप तसाच धरून उभी होती. म्हणाली, "अरे गालुस्त, हा तूच आहेस."

मी म्हटलं, "काय बोलतेस?"

"तीस वर्षं दुसऱ्या खोलीतून ऐकतेय. मला कळणार नाही? तू दुदुकची पत्ती गरम करताना अशीच घरघर येते."

खरं होतं ते. मागच्या उन्हाळ्यात, तालमीच्या खोलीत, तुम्ही सगळे खाली कॉफी प्यायला गेला होतात आणि मी एकटाच पत्ती ओली करून सूर लावत बसलो होतो. किंगाने माझ्यासमोर माईक ठेवला आणि काहीतरी विचारलं. तिचं बोलणं मला निम्मं कळायचं नाही, मी मान हलवली. तिने तो सूर घेतला आणि यंत्रात भरला. म्हणाली, तिला तोच सगळ्या गाण्यांच्या खाली हवा होता, दुसरा कुठलाच चालेना.

सेरोब, चार महिने मी ज्याच्यावर जळलो तो मीच होतो. आता मी कुणावर जळू? मी तिथे हॉलमध्ये दम सोडला, तू हवेत लोंबकळलास, दोन श्वास गेले आणि किंगाने पट्टी दाबून तुला झेललं. लोकांना कळलंसुद्धा नाही, टाळ्या वाजल्या. म्हणजे सोडलं मी आणि झेललंही मीच. आणि तरी बाकावर बसलेल्या मला तू घरी पाठवलंस आणि पेटीतल्या मला घेऊन गावोगाव फिरतोस. तो लाइपझिगला जाऊन आला म्हणे. मी अजून साधं तिबिलिसी बघितलेलं नाही! तुला सांगतो, मला त्याचा पहिल्यापेक्षा जास्त राग आला.

किंगाने मला एक कागद दिला. तबकडी निघतेय, त्यावर माझा सूर वापरायला माझी परवानगी हवी. खाली छापलंय, 'गालुस्त: दम.' माझं नाव, छापलेलं. हायकुशने ते मोठ्याने दोनदा वाचलं.

मग किंगा खऱ्या कामाचं बोलली. म्हणाली, सगळी गाणी झाली, एकच राहिलं. गुरुवारचं स्तोत्र. सेरोबने एकोणीस वेळा वाजवलं. प्रत्येक वेळी दुसऱ्या कडव्यात, त्याच जागी, थांबतो. यंत्र चालूच राहतं आणि तो थांबतो. आता म्हणतो, हे स्तोत्र टाकून द्या, आणि हे झालं की मी दुदुक ठेवणार. "तो मला सांगितला उस्तादचा नियम," ती म्हणाली. "तो समजते, त्याने देवाचं गाणं खोटं केला. आमच्यामुळे. माझ्यामुळे."

मी विचारलं, "मग मी काय करू? मी तीन वेळा लिहिलंय, खोकला होता."

"तो समजते, तू दयाळू आहे म्हणून खोकला लिहितो. तू शपथ घाल. आईच्या कबरीची. मग तो मानेल. मग स्तोत्र होईल. मग ईस्टरनंतर आम्ही बाहेर जाणार, आणि तू आमच्याबरोबर. तुझी खुर्ची त्याच्या डावीकडे. मी यंत्र बंद करणार तिथे. मी वचन देते."

तिला खोकल्याबद्दल कसलीच शंका नाही. साधी आहे ती. कुणी तिला खोकला म्हटलं की तिच्यासाठी खोकला.

जाण्याआधी मी तिला म्हटलं, त्या एकोणिसांतलं एक मला ऐकव. तिने ऐकवलं. झोरा आला आणि ती गेली. कागद टेबलावर आहे. झोरा परवा पुन्हा यायचा आहे. शपथेचं पत्र मी तोवर लिहितो म्हणालोय.

हे पत्र आत्ता पाठवत नाही. दोन्ही एकदम पाठवतो.

गालुस्त


ग्युम्री, ५ मार्च

सेरोब,

दोन दिवस शपथेचं पत्र लिहितोय. चार वेळा लिहिलं. छान जमलं होतं, आईची कबर, तिचं नाव, वारं, शिंप्याची मयत, सगळं. हायकुशला वाचून दाखवलं. ती नुसती म्हणाली, "तुला त्या दिवसांत खोकला कधी झाला होता रे? मी तर काढा केल्याचं मला आठवत नाही."

मी चारही चुलीत टाकली.

किंगाने मला ऐकवलं त्यात तू घाबरून वाजवतोयस. प्रत्येक सुरावर आधी पाय ठेवून बघतोस, फुटेल का म्हणून. स्तोत्र रडवतोयस, स्वतः मात्र त्यात नाहीस. सेरोब, ते खोटं आहे. सत्तावीस वर्षांत मी पहिल्यांदा तुला खोटं वाजवताना ऐकलं, आणि ते मी केलंय. शपथेवर खोकला लिहिला तर तू मानशील, तबकडी पुरी करशील, मला खुर्ची देशील. आणि जन्मभर असाच वाजवशील, पाय ठेवून बघत. मी शेजारी बसून तसल्या वाजवण्याखाली सूर धरीन. खुर्ची मला किती हवी आहे ते तुला माहीत आहे. सगळ्या पत्रांत तेच तर लिहिलंय. पण तेवढं करून मला ती नको.

खोकला नव्हता. मला अजून वर्षभर पुरेल एवढा दम छातीत होता.

त्या दिवशी तू काय वाजवत होतास हे तुला आठवतंय की नाही मला ठाऊक नाही. किंगा वरून गात होती, वाचिकचा बास पोटातून जात होता, झाझाचा ढोल लांब कुठेतरी, आणि तू त्या सगळ्यात शिरलास आणि ते स्तोत्र असं बाहेर आलं, जसं आपण अंगणाअंगणांतून हजारदा वाजवूनही कधी आलं नव्हतं. उस्तादांकडूनही आलं नव्हतं. मी सूर धरून बसलो होतो आणि वाट बघत होतो, नेहमीसारखा आता हा वर जाण्याआधी डावीकडे बघेल. तू डोळे मिटलेस. एकदाही बघितलं नाहीस. तुला गरज नव्हती. मला वाटलं, मी सोडला तरी याला कळणार नाही. आणि मी सोडला.

सोडताना मला नियम आठवत होता. तू काय समजशील तेही मला माहीत होतं. ते माहीत असून सोडला, आणि पाच महिने तुला तसं समजू दिलं.

कागदावर सही केली आहे, सोबत आहे. माझा सूर वापरा. खुर्ची नको, झोराकडे निरोपही नको, फोन बंद ठेवलास तरी माझं काही म्हणणं नाही.

पण दमकशाचा निकाल तुला हवा होता ना, तर हा घे, आणि हा शपथेवर आहे, आईच्या कबरीच्या: तू खोटं वाजवत नव्हतास. तू माझ्या आयुष्यात मी ऐकलेलं सगळ्यात खरं वाजवत होतास, आणि ते माझ्याशिवाय जमत होतं.

आता ते दुसरं कडवं वाजव.

गालुस्त